लोहार नसलेला देश

शास्त्रपाठ: १ शमुवेल १३:१९-२२

इब्र्यांनी तलवारी-भाले करू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहारच राहू दिला नाही. फटका बसला शेतकऱ्याला. फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायला शत्रूकडे उतरून जायचे आणि फाळामागे एक ‘पीम’ मोजायचा, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅम चांदी. (तशी दगडी वजने उत्खननात सापडेपर्यंत या शब्दाचा अर्थ लागत नव्हता, जुन्या इंग्रजी भाषांतरात त्याची ‘कानस’ झाली आहे!)

पाड्यावरचा हातपंप बंद पडला की मला हा उतारा आठवतो. इंडिया मार्क-२ पंपाचा आतला वॉशर बदलायचा तर खालचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्यासाठीचे खास पाने तालुक्याच्या पथकाकडे. पथक येईपर्यंत बायका नाल्यावर. मार्क-३ मध्ये पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो. गावाला स्वतः दुरुस्ती जमावी म्हणूनच तो घडवला.

आपण पंप देतो, दात्याची पाटी लावतो. माझ्या मते पाटीआधी पान्यांची पेटी पाड्यावर पोचावी, आणि तिची किल्ली पाणी भरणाऱ्या बायकांकडे असावी.

मंडळीत चर्चेसाठी: आपण आजवर दिलेल्या वस्तूंपैकी कोणती पाड्यावरच दुरुस्त होते?