परडी घरात आली की

तुळजाभवानी आमची कुलस्वामिनी. सोलापूरहून तुळजापूर 45 किलोमीटरवर, त्यामुळे देवीशी जाणंयेणं कायमचं. लग्नानंतर सासूबाईंनी घरातली परडी माझ्या हाती दिली. ती सांभाळताना जे उमगत गेलं, ते नव्याने परडी घेणाऱ्या लेकीसुनांसाठी लिहिते आहे.

१. परडी रिकामी ठेवू नये.
बुरुडाने विणलेली ही बांबूची उथळ टोपली. तिच्यात हळद-कुंकू, कवड्या आणि मूठभर धान्य किंवा पीठमीठ. मंगळवारी, शुक्रवारी पूजा करायची आणि परडीत नवं काही घालायचं. घरात ओढगस्त असली, तरी चिमूटभर मीठ चालतं. बाजारात प्लास्टिकच्या परड्याही मिळतात. मला त्या पटत नाहीत. बांबूची परडी दोन-चार वर्षांत झिजते, बुरुडाकडे पुन्हा जावं लागतं, आणि देवीच्या निमित्ताने त्याच्या घरी चार पैसे पोचतात. हे मला पूजेचाच भाग वाटतं.

२. जोगवा स्वतः मागावा.
सगळ्यात अवघड हेच, आणि सगळ्यात जास्त मिळतं तेही यातच. नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जायचं, दारात ‘जोगवा वाढा’ म्हणायचं. घरात डबे भरलेले असतात, नोकरी असते, मान असतो. तरी त्या दारात आपण मागणारे असतो. पहिल्यांदा आवाज घशातच अडकतो. मग समोरची बाई पदर सावरत येते, परडीला हळद-कुंकू वाहते, वाटीभर पीठ घालते आणि वाकून नमस्कार करते. तो नमस्कार परडीला असतो, हे ध्यानात ठेवलं की मान आपोआप खाली जाते.
घरं निवडताना जातपात, ऐपत बघू नये. आमच्या गल्लीत एका घरातून ज्वारीचं पीठ येतं, दुसरीकडून गव्हाचं, तिसरीकडून नुसती डाळ. त्या मिसळलेल्या पिठाची भाकरी करून आधी देवीला नैवेद्य दाखवायचा, मग घरच्यांनी खायची. तिला कुठल्याच एका घरची चव नसते, आणि वर्षभरात मला ती सगळ्यात आवडते. सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी जोगव्याला परमार्थाचा अर्थ दिला. तो अर्थ मला ग्रंथापेक्षा शेजारणीच्या उंबऱ्यावर जास्त कळला.

३. कवड्यांची माळ दरवर्षी ओवावी.
कवडी समुद्रातली, आणि आमचा मुलूख बालाघाटाच्या डोंगराचा, समुद्रापासून कितीतरी लांब. तरी देवीचे भक्त, आराधी आणि भुत्ये, हीच माळ गळ्यात घालतात. कवड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, दोरा मात्र कुजतो. घटस्थापनेच्या आधी जाड सुती दोऱ्यात माळ नव्याने ओवावी. सासूबाईंच्या सासूबाईंची माळ आमच्याकडे अजून आहे ती याच सवयीमुळे.

४. पोताला जुनं सुती कापडच लागतं.
पोत म्हणजे देवीपुढे नाचवायची, पिळलेल्या कापडाची मशाल. तिला धोतर किंवा सुती लुगडं चांगलं. पीळ घट्ट हवा, तेल आत मुरलेलं हवं. पॉलिस्टरचं कापड वितळून हातावर ठिबकतं. गोंधळात संबळ चढला, ‘आई राजा उदो उदो’ सुरू झालं, की पोत नाचवणाऱ्याला भान राहत नाही. म्हणून भान शाबूत असलेलं एक माणूस जवळ उभं करावं.

५. वाहताना देवीचा विचार करावा.
वणीच्या सप्तशृंगीवर वर्षानुवर्षांच्या शेंदराचा जाड थर चढला होता. 2022 मध्ये तो काढला. निघालेला शेंदूर हजार किलोंहून जास्त भरला आणि आतलं मूळ रूप दिसलं. कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती झिजल्यामुळे 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याला तिचं रासायनिक संवर्धन करावं लागलं. भक्ती खरीच होती, तिचा भार मात्र मूर्तीला सोसावा लागला. म्हणून अभिषेकाला मी पळीभर दूध घेते. उरलेलं शेजारच्या लेकरांना.

६. देवीच्या निद्रेचा मान राखावा.
नवरात्राआधी तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. मूर्ती चल असल्यामुळे हे होतं. दसऱ्यानंतरही ती निद्रा घेते आणि कोजागरीला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दिवसांत आम्ही गादीवर झोपत नाही, देवीकडे काही मागतही नाही.

७. ओटी कुणीही भरावी.
ओटीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक. खण असा द्यावा की कुणीतरी तो शिवून अंगात घालेल. नुसते इकडून तिकडे फिरणारे जाळीदार ब्लाऊजपीस देवीपुढे ठेवायला मन धजत नाही.
आणि विधवेने ओटी भरू नये, हा दंडक मी मानत नाही. जिने आयुष्यभर परडी पुजली, जोगवा मागितला, पोताला तेल घातलं, तिचा हात नवरा गेल्याच्या दिवसापासून देवीला कसा चालेनासा होईल? देवीला आपण आई म्हणतो. कुठली आई आपल्या दुखावलेल्या लेकीला दारात अडवेल? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली होती. मामंजी गेल्यावर पहिल्या नवरात्रात त्या मागे सरकून बसल्या होत्या. मी ताट त्यांच्याच हातात दिलं. तेव्हापासून आमच्या देवीची पहिली ओटी त्याच भरतात. काही नातेवाइकांनी येणं कमी केलं. गल्लीतल्या दोघीजणी मात्र, ज्यांना कुठे बोलावणं नसायचं, आता आमच्याकडे येऊन ओटी भरतात. यंदा त्यांच्यासाठी गुळेदगुड्डचे दोन खण आणून ठेवले आहेत.