वस्तीतले कुत्रे आणि जंगलातला सिंह

कुत्र्याच्या पिल्लाच्या डोळ्यांतून व नाकातून घाण वाहू लागते. ते खोकते, खाणे सोडते, हगवण लागते. काही दिवसांनी झटके येतात, तोंडाला फेस येतो. मग वस्तीत कोणी दगड उचलतो, कोणी करणी म्हणून लिंबू उतरवून टाकतो. करणीबिरणी काही नसते. बऱ्याच वेळा हा डिस्टेंपर असतो. हा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे. तो माणसाला आजारी करत नाही, पण कुत्र्याकुत्र्यांत शिंकेतून, लाळेतून, एका भांड्यात खाण्यातून झपाट्याने पसरतो.

हा रोग वस्तीपुरता राहत नाही, म्हणून आम्ही हा विषय घेतला. आफ्रिकेत टांझानियातील सेरेंगेटीच्या जंगलात १९९४ साली सुमारे एक हजार सिंह मेले. म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. जंगलाभोवतीच्या गावांतील कुत्र्यांत हाच विषाणू होता. आपल्याकडे गुजरातमधील गीरच्या दलखाणिया भागात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीनेक आठवड्यांत २३ सिंह दगावले. त्यांतील काहींच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने सांगितले. त्यानंतर सिंहांसाठी परदेशातून लस मागवावी लागली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात तपासलेल्या मोठ्या कुत्र्यांपैकी दहात नऊ कुत्र्यांना हा विषाणू कधी ना कधी लागून गेल्याचे रक्तातून दिसले. त्याच माळावरच्या खोकडांच्या रक्तातही त्याच्या खुणा सापडल्या.

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आपल्या कितीतरी वस्त्या आहेत. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. आजारी कुत्रे सहज हाती लागते, आणि रोग पुढे जाण्याचा तो एक सोपा रस्ता आहे. यात दोष वस्तीतल्या माणसांचा, असे म्हणणारे भेटतील. कचऱ्याचे ढीग महिनोन्‌महिने न उचलणाऱ्यांनाही मग तोच प्रश्न विचारावा, कारण त्या ढिगांवरच भटकी कुत्री वाढतात.

लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिला डोस, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, सुमारे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. रेबीजची लस वेगळी, ती तिसऱ्या महिन्यापासून. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन्हींची चौकशी करा. एकट्याला खर्च झेपत नसेल तर गल्लीने मिळून कुत्री नेता येतात. विहारात दर रविवारी आपण जमतोच, तिथे हा विषय काढायला काय हरकत आहे?

झटके येणारे कुत्रे डिस्टेंपरचे की पिसाळलेले, हे घरी बसून ओळखता येत नाही. म्हणून मुलांना लांब ठेवा, कुत्र्याला मारू नका, पशुवैद्याला किंवा पालिकेला कळवा. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, मिरची, चुना लावू नका.

मेलेले कुत्रे नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला फेकू नका. उघड्या हाताने उचलू नका. खोल खड्ड्यात पुरा, नाहीतर पालिकेची गाडी बोलवा. त्याचे भांडे व बसायची जागा फिनेलने धुऊन काढा.