डोसा तोच, मग भाव अडीचपट का?

प्रश्न : आमच्या मुलुंडला स्टेशनजवळच्या उडुप्याकडे मसाला डोसा शंभराच्या आत मिळतो. मॉलमध्ये गेलं की तोच डोसा अडीचशेला, वर जीएसटी आणि सेवा शुल्क वेगळं. तांदूळ तेच, उडीदडाळ तीच, बटाटा तोच. मग मधले दीडशे रुपये जातात कुठे? आणि बिलावर जे जे लिहिलेलं असेल ते निमूटपणे भरायलाच हवं का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : डोशाच्या किमतीत डाळ-तांदळाचा वाटा मुळातच लहान असतो. हॉटेलधंद्यातला ढोबळ हिशेब असा, की शंभर रुपयांच्या पदार्थात कच्चा माल तीस-पस्तीस रुपयांचा. बाकीचे पैसे जागा, माणसं, गॅस, वीज आणि कर यांत जातात आणि त्यातून उरेल ते मालकाचं. त्यामुळे बटाट्याच्या भावावरून डोशाचा भाव ताडून पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही बसता ती खुर्ची किती महाग पडते आणि तासाभरात तिच्यावर किती जण बसून उठतात, यावर तो ठरतो.

रविवारी सकाळी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या कॅफे मद्राससमोर जाऊन उभे राहा, म्हणजे हा हिशेब डोळ्यांना दिसेल. बाहेर नावं लिहून घेतात. नंबर लागला की अनोळखी माणसांच्या टेबलावर रिकामी असेल त्या खुर्चीत बसवतात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. पाण्याचे पेले ठेवतानाच वेटर ऑर्डर विचारतो. आत तव्यावर एका वेळी अनेक डोसे पसरलेले असतात, त्यामुळे ताटली यायला वेळ लागत नाही. कॉफी संपत आली की बिल टेबलावर. वीस-पंचवीस मिनिटांत खुर्ची पुढच्या माणसाला मोकळी. मॉलमध्ये माणूस तासभर निवांत बसायला जातो, गप्पा मारायला जातो. म्हणजे उडुप्याकडे जे भाडं तीन गिऱ्हाइकांत वाटलं जातं, ते तिथं एकट्याच्या डोशावर पडतं.

शिवाय भाडंही सारखं नसतं. मुंबईतल्या कितीतरी जुन्या हॉटेलांच्या जागा स्वतःच्या किंवा पागडीच्या आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार संरक्षित भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं. नव्या हॉटेलाला मात्र बाजारभावानं जागा घ्यावी लागते आणि करार संपला की मालक सांगेल तो आकडा. दादर-माटुंग्यातली जुनी नावं आजही परवडणाऱ्या भावात खायला घालतात, त्यामागे त्यांचे कष्ट आहेतच, पण या जुन्या जागेचा आधारही मोठा आहे. तशी जागा आज कुणाला नव्यानं मिळणार नाही. म्हणूनच असं एखादं हॉटेल बंद पडलं की त्या भावात जेवू घालणारं दुसरं त्याच रस्त्यावर सहसा उभं राहत नाही. मला या विषयातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच वाटते.

साध्या जेवणाला शहरात खरोखर किती खर्च येतो, याचा एक हिशेब सरकारनंच करून ठेवला आहे. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. गिऱ्हाइकानं १० रुपये द्यायचे होते. पण शहरी भागात या थाळीची किंमत सरकारनं ५० रुपये धरली आणि वरचे ४० रुपये अनुदान म्हणून केंद्रचालकाला दिले. इतकं मोजकं ताट, दुपारची ठरावीक वेळ, कसलाही थाटमाट नाही, तरी २०२० साली ५० रुपये. हे लक्षात घेतलं, तर आज कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं राइसप्लेटचे दहा रुपये वाढवले म्हणून गल्ल्यावर हुज्जत घालणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर महाग पडतो आणि त्याचा भाव महिन्या-महिन्याला बदलतो. अनेक ठिकाणी कामगारांचं राहणं-जेवणही मालकाकडेच असतं.

आता बिलाकडे वळू. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण हॉटेलातल्या जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे, एसी असो वा नसो. त्याआधी तो १२ किंवा १८ टक्के होता. दर उतरला, पण हॉटेलांचा एक हक्क गेला. जागेचं भाडं, व्यावसायिक गॅस यांवर हॉटेलवाला जो १८ टक्के जीएसटी भरतो, त्याची वजावट त्याला आता मिळत नाही. ते पैसे तो पदार्थाच्या किमतीतच घालतो. म्हणजे बिलात दिसणाऱ्या ५ टक्क्यांखेरीज न दिसणारा करही तुम्ही भरत असता, आणि जिथं भाडं जास्त तिथं तो जास्त.

मात्र लहान हॉटेलांचं बिल नीट वाचा. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना कंपोझिशन योजना घेता येते. ती घेतली की कर त्यांनी स्वतःच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही. तसा फलकही दर्शनी भागात लावावा लागतो. असा फलक असूनही बिलात जीएसटीची ओळ दिसली, तर ती चूक आहे आणि तसं तिथंच सांगावं.

सेवा शुल्क हे सरकारचं नाही. ते हॉटेलच्या गल्ल्यात जातं, वेटरच्या हातात किती पडतं हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही, आणि ते बिलात धरलं की त्याच्यावरही जीएसटी लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, की हे शुल्क बिलात आपोआप जोडता येणार नाही, दुसऱ्या नावानंही घेता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ च्या निकालात या सूचना उचलून धरल्या. दरवाजावर पाटी लावली म्हणून ते सक्तीचं होत नाही.

घरबसल्या ॲपवरून मागवलेला डोसा हॉटेलातल्यापेक्षा महाग का, असंही पुष्कळ जण विचारतात. ॲपवाले हॉटेलाकडून मोठं कमिशन घेतात, ते भरून काढायला ॲपवर भाव चढे ठेवले जातात. हॉटेल चालत जाण्याजोगं असेल तर स्वतः जाऊन पार्सल आणा.

तुमच्या प्रश्नाचा माझ्यापुरता निवाडा असा. मॉलमधले जादा दीडशे रुपये बहुतांशी जागेचे आणि वेळेचे आहेत. तास-दोन तास चौघांनी बसून बोलायचं असेल तर ते रास्त आहेत, नुसता डोसा खायचा असेल तर नाहीत. कार्डावर छापलेला भाव ऑर्डर देण्याआधी वाचा आणि पटला तरच बसा. बसल्यावर तो भाव आणि जीएसटी कुरकुर न करता द्या. सेवा शुल्काची ओळ दिसली तर शांतपणे काढायला सांगा, नाही काढली तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. वेटरनं मनापासून वाढलं असेल तर त्याचे पैसे थेट त्याच्या हातात द्या.