वळिवाच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या सोलापूरकडे उन्हाळ्याचा सगळा हिशेब पाऱ्यावर चालतो. पारा ४२ वर गेला की गोठ्यात धावपळ, ३६ वर उतरला की सगळे निवांत. दुभत्या गाईला हा हिशेब लागू पडत नाही. आमची चंद्री पडली ती कडक उन्हात नव्हे, वळीव होऊन गेल्यावर.

चंद्री होल्स्टीन संकरित, दुसऱ्या वेताची, दोन वेळचं मिळून वीस लिटरच्या पुढे देणारी. पत्र्याच्या गोठ्याला चारी बाजूंनी भिजवलेली बारदानं आणि वर फॉगर, एवढ्यावर तिने अख्खा एप्रिल काढला. कोरड्या हवेत ती व्यवस्था खरंच चांगली होती. मग एका संध्याकाळी वळीव झाला. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, ऊन नाही, पण अंगाला चिकटणारा उकाडा. त्यात दुपारी वीज गेली आणि पंखे थांबले. तीनच्या सुमारास चंद्री तोंड उघडून धापा टाकत होती. जीभ बाहेर, लाळेच्या तारा खाली लोंबलेल्या. मागचे पाय लटपटले आणि बसली ती उठेचना.

डॉक्टरांनी ताप पाहिला, १०६ अंश फॅरनहाइटच्या वर. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२ असतं. त्यांनी पिशवी उघडण्याआधी बारदानं खाली ओढायला लावली. गाय घामाने आणि धापेने अंगातली उष्णता बाहेर टाकते, आणि दोन्हींत पाणी सुकलं तरच गारवा मिळतो. हवाच दमट असेल तर घाम सुकत नाही. बंद गोठ्यातला फॉगर त्या दमटपणात भरच घालतो. मग डोक्यावर, मानेवर, पायांवर पाईपने पाण्याचा मारा, दोन्हीकडून सुपाने वारा आणि सलाईन. पुढ्यात पाण्याची बादली ठेवली, पण बाटलीने घशात ओतू दिलं नाही. जनावर पडलं की गूळपाणी पाजायची आपल्याकडे घाई असते. धापणाऱ्या जनावराच्या घशातलं पाणी फुफ्फुसात उतरतं, आणि उष्माघातातून वाचलेलं जनावर त्याने जातं. तापाचं इंजेक्शन द्या, असंही कुणी म्हणालं. पण आजाराचा ताप वेगळा आणि अंगातली उष्णता बाहेर न पडल्याने चढलेलं तापमान वेगळं. इथे आधी अंग गार करावं लागतं.

चंद्री वाचली. दूध मात्र निम्म्यावर आलं, त्या वेतात परत चढलं नाही, आणि माजही फार उशिरा आला.

माझं सांगणं एकच आहे: पारा बघू नका, श्वास मोजा. गाईच्या बाजूला उभं राहून भकाळीची हालचाल एक मिनिट मोजायची. तीस-चाळीसपर्यंत ठीक. साठच्या पुढे गेली की तिला उष्णतेचा ताण सुरू झाला. ऐंशीच्या पुढे किंवा तोंड उघडं दिसलं, की हातातलं काम टाकून पाणी आणि वारा सुरू करा. दूध कमी झाल्यावर जागं व्हायचं म्हटलं तर उशीर होतो, कारण दुधातली घट एक-दोन दिवसांनी दिसते. दुपारी तर मोजाच, पण रात्री नऊ-दहालाही मोजा. दिवसभराची उष्णता गाय रात्री टाकते. रात्रीही धाप उतरली नसेल, तर ती उष्णता अंगात घेऊनच तिचा दुसरा दिवस उजाडतो. चोरीच्या भीतीने गोठा रात्री बंद करणाऱ्यांनी जाळीचं दार बसवावं. वारा अडवू नये.

सगळ्यात जास्त दूध देणारी गायच आधी पडते. ती जास्त खाते, आणि पोटात वैरण पचताना उष्णता तयार होते. शेजारच्या खुंट्यावरची खिलार त्याच उकाड्यात शांत रवंथ करते, म्हणून तिच्यावरून संकरित गाईचा अंदाज बांधू नका. म्हशीचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी. तिला डुंबायला नसेल तर अंगावर पाणी हवंच.

वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळनंतर आणि पहाटे टाकावा. उकाड्यात गाय वैरण सोडून पेंड तेवढी वेचते, लाळ गळून वाया जाते आणि पोटात आम्ल वाढतं. त्यासाठी खाण्याचा सोडा, मीठ आणि खनिज मिश्रण यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गव्हाणीत उरलेला मुरघास दुपारपर्यंत गरम होतो. तो काढून टाका.

पाण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. एक लिटर दुधामागे गाईला तीन-चार लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हौद भरलेला असतो, पण उन्हात पडलेल्या काळ्या पाईपमधून आलेलं ते पाणी चटका देणारं असतं. दुपारी तीनला हौदात हात घालून बघा. हौदावर सावली करा, पाईप जमिनीत गाडा.

पत्र्यावर उसाचं पाचट अंथरावं किंवा चुन्याचा पांढरा हात द्यावा. अंगावर पाणी टाकायचं ते कातडीपर्यंत भिजेल असं, दोन-तीन मिनिटं. मग थांबवून सुकेपर्यंत पंखा, आणि पुन्हा पाणी. नुसतं धुकं केसांवरच बसतं. पाणी ओघळून सडांवर येऊ देऊ नका, खाली चिखल ठेवू नका, नाहीतर दगडी होते.

गार करूनही ताप हटत नसेल, खांद्यापुढच्या गाठी सुजल्या असतील, डोळ्यांच्या आतली कड फिकी दिसत असेल, तर तो गोचीड ताप असू शकतो. संकरित जनावरांत तो उन्हाळ्यातही येतो. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

आणखी एक गाय सगळे विसरतात: आटवलेली गाभण. दूध नाही म्हणून तिला कडेच्या, ऊन येणाऱ्या दावणीला बांधतात. शेवटच्या दोन महिन्यांतल्या उष्णतेने वासरू हलकं जन्मतं आणि पुढच्या वेताचं दूध घटतं. आमच्या गोठ्यात पंख्याखालची एक जागा आता तिची असते.