प्राध्यापक आंबेडकर

इस्लामपूरच्या उत्तरेस कऱ्हाड आणि कऱ्हाडच्याही उत्तरेस मसूर हे गाव आहे. पूर्वी हा सर्व मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे. इसवी सन 1901 च्या उन्हाळ्यात मसूरच्या रेल्वे स्थानकावर काही मुले उतरली. त्यांत साताऱ्याच्या शाळेत शिकणारा दहा वर्षांचा भीम होता. कोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी ती निघाली होती. मुले महार जातीची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास राजी होईना. अखेर एकाने दुप्पट भाडे घेतले; पण गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालू, अशी अट घातली. जवळ शिदोरी होती. परंतु वाटेत कोणीही पाणी दिले नाही. ती रात्र मुलांनी तहानेने व्याकूळ होऊन काढली.

हा भीम म्हणजेच डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव घातले गेले. वर्गात त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले, तरच तहान भागे. एवढे असूनही त्यांची विद्येची गोडी कमी झाली नाही. 1912 मध्ये ते बी.ए. झाले. पुढील वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा अनेक विषयांचे अध्ययन केले.

1918 च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने इतकी अभ्यासपूर्ण असत, की इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही ती ऐकावयास येत. परंतु प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या घागरीतील पाणी त्यांनी घेऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला! परदेशी विद्या संपादन केलेल्या प्राध्यापकाच्याही वाट्यास तोच अनुभव आला.

1920 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि साठविलेल्या पैशांतून व मित्रांच्या मदतीने ते पुन्हा लंडनला गेले. तेथून बॅरिस्टर होऊन व डॉक्टरची मोठी पदवी मिळवून ते 1923 मध्ये परतले. वकिली करीत असतानाच ते विद्यार्थ्यांना व्यापारी कायदा शिकवीत. 1928 मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि 1935 मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1938 पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. 1946 मध्ये त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले.

कायदा म्हणजे केवळ न्यायालयात वाद घालण्याचे साधन नव्हे, हे बाबासाहेब जाणून होते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी सर्वांच्या समान हक्काचा उच्चार केला होता. पुढे 29 ऑगस्ट 1947 रोजी राज्यघटनेच्या मसुदा समितीवर त्यांची नेमणूक झाली व ते तिचे अध्यक्ष झाले. 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलेल्या या घटनेच्या पंधराव्या कलमाने, सार्वजनिक उपयोगासाठी असलेल्या विहिरी, तलाव व रस्ते यांच्या वापरास जातीच्या कारणाने कोणासही मनाई करता येत नाही. सतराव्या कलमाने तर अस्पृश्यताच नष्ट केली.

मसूरच्या वाटेवर ज्या मुलास घोटभर पाणी मिळाले नाही, त्यानेच पुढे विद्येच्या बळावर साऱ्या देशासाठी पाण्याचा हक्क कायद्यात लिहिण्याचे कार्य केले. तो कायदा आपल्या रोजच्या वागण्यात उतरविणे, हे मात्र प्रत्येक नागरिकाचे काम आहे.

स्वाध्याय

1. मसूरहून कोरेगावास जाताना मुलांना कोणता त्रास सोसावा लागला?
2. सिडनहॅम महाविद्यालयात बाबासाहेबांना आलेले दोन परस्परविरोधी अनुभव सांगा.
3. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाचा या पाठातील प्रसंगांशी कोणता संबंध आहे?