सर्व्हर कुठल्या ओळीचं ऐकतो?

डीबीएमएसच्या पेपरसाठी आपण नॉर्मलायझेशन घोकतो, पण लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस टाकलं की पहिली गाठ पडते ती दोन साध्या टेक्स्ट फाइल्सशी. बीईचे सगळे प्रोजेक्ट एकाच सर्व्हरवर असले, तर यातली एक चुकीची ओळ सगळ्यांच्या सबमिशनवर येते. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली फाइल 'पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ'. मेमरी, कनेक्शन्स, पोर्ट, लॉग, सगळं हिच्यात. एकच सेटिंग दोनदा लिहिलं असेल तर शेवटची ओळ खरी. दुसरी 'पीजी एचबीए डॉट कॉन्फ', म्हणजे गेटवरचा वॉचमन. कोण, कुठल्या मशीनवरून, कुठल्या डेटाबेसमध्ये येणार हे ती ठरवते. आणि इथे नेमकं उलटं! वरून वाचत येताना जी ओळ पहिली जुळेल तीच लागू. पासवर्ड चुकला तरी पुढची ओळ बघितली जात नाही. कोणी घाईत अगदी वर सगळ्या लॅबसाठी 'ट्रस्ट' लिहून ठेवलं, की पासवर्ड विचारणंच बंद. खाली कितीही कडक नियम लिहा, वॉचमन झोपलेलाच.

कधीकधी पहिली फाइल बदलून बदलून थकतो, पण व्हॅल्यू जुनीच दिसते. आधी ओळीच्या सुरुवातीचा हॅश काढलाय का ते बघा (हसू नका, बहुतेक वेळा तेच असतं). मग 'पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ' उघडून बघा. 2014 च्या 9.4 आवृत्तीत आलेली 'अल्टर सिस्टीम' ही कमांड तिथे लिहिते आणि ती फाइल शेवटी वाचली जाते, म्हणून तिचंच चालतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा सुपरयूजरने 'पीजी सेटिंग्ज' या व्ह्यूला विचारावं. कुठली व्हॅल्यू कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीतून आली, ते तो सरळ सांगतो.

आता रीलोड आणि रीस्टार्ट. 'वर्क मेम' रीलोडने बदलतं; 'शेअर्ड बफर्स' आणि 'मॅक्स कनेक्शन्स' यांना रीस्टार्टच लागतो. पण खरा धोका वॉचमनच्या फाइलमध्ये लपलेला असतो. तिच्यात चूक असताना रीलोड केलं तर पोस्टग्रेस लॉगमध्ये तक्रार लिहितं आणि जुनेच नियम चालू ठेवतं. सगळ्यांना वाटतं, झालं काम! महिन्याभराने लाइट जाते, यूपीएस मान टाकतो, सर्व्हर परत चालू होतो, पण डेटाबेस उठतच नाही, कारण सुरू होताना तीच फाइल पुन्हा वाचावी लागते. आणि हे व्हायचं नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री. 2017 च्या 10 व्या आवृत्तीपासून 'पीजी एचबीए फाइल रूल्स' हा व्ह्यू आहे. तो डिस्कवरची फाइल वाचून चुकीची ओळ दाखवतो. रीलोडच्या आधी तो बघायला अर्धा मिनिट लागतो.

मेमरीचं गणित मात्र स्वतःच करायचं. वर्क मेम 4 एमबीवरून 64 केलं आणि 100 कनेक्शन्सनी एकेक सॉर्ट काढला, तर 6400 एमबी! शिवाय एका क्वेरीत दोन-तीन सॉर्टही असू शकतात.

या फाइल्स गिटमध्ये ठेवा, म्हणजे कोणी काय बदललं ते डिफमध्ये दिसतं. पासवर्ड मात्र गिटमध्ये नको. तो आपल्या होम डिरेक्टरीतल्या 'डॉट पीजीपास' फाइलमध्ये ठेवा आणि परमिशन 600 करा. ती त्याहून सैल असली, तर पोस्टग्रेसचा क्लायंट त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही.