सरंजामशाही : खळ्यावरचा एक पाठ

सातवीची मुले 'सरंजामशाही' हा शब्द पाठ करतात, पण त्याचा अर्थ त्यांच्या हाती लागत नाही. पुस्तकातील राजा, सरदार आणि भूदास युरोपातले. चिकोडीच्या मुलांना ते परके वाटतात. म्हणून गल्लीतील मुलांची शिकवणी घेताना मी हा पाठ खळ्यावरून सुरू करतो. कन्नड शाळेतील मुले खळ्याला 'कण' म्हणतात. पण रास तीच आणि वाटेकरीही तेच.

शंभर चिंचोक्यांची रास मांडावी. ही शेतकऱ्याची ज्वारी. मग चिठ्ठ्या टाकून शेतकरी, पाटील, कुलकर्णी, देसाई, सुतार, महार अशी कामे वाटावीत. आडनाव पाहून काम देऊ नये. वर्गात वतनदारांची नातवंडे असतात, तशीच ज्यांच्या आजोबांनी वेस राखली व मेलेली गुरे ओढली त्यांचीही असतात. इतिहास शिकताना कोणाची मान खाली जाऊ नये आणि कोणाची उगाच ताठही होऊ नये.

वाटा उचलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले काम सांगावे. पाटील सारा वसूल करतो, कुलकर्णी हिशेब लिहितो, देसाई परगण्याची वसुली पाहतो, सुतार नांगर दुरुस्त करतो. उरला सरकारचा हिस्सा. तो राजाने एखाद्या सरदाराला फौज बाळगण्यासाठी लावून दिला, की झाला सरंजाम. यात जमिनीची मालकी नव्हे, महसूल मिळे. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात सरदारांना राखण्यासाठी सरंजाम देण्याची प्रथा वाढली. शेजारच्या निपाणीचे सिदोजीराव निंबाळकर देसाईही होते आणि पेशव्यांचे सरदारही, हे सांगितले की मुलांचे कान टवकारतात.

दुसऱ्या डावात दुष्काळ पाडावा. रास पन्नासचीच. प्रत्येक जण आपला पूर्वीचा वाटा मागतो आणि शेतकऱ्याची ओंजळ रिकामी राहते. तिसऱ्या डावात पाटलाचा मुलगा काम न करता वाटा मागतो, कारण वतन पिढीजात. मुले लगेच भांडू लागतात. पाठ इथेच समजतो.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मी याला जमाखर्च म्हणतो. एका बाजूला हक्क, दुसऱ्या बाजूला काम. वरच्यांच्या खात्यात काम पुसले गेले तरी हक्क राहिला. महाराच्या खात्यात मात्र हक्क मूठभर आणि काम रात्रंदिवस. तेही सोडता न येणारे. डॉ. आंबेडकर १९२५ साली परिषदेसाठी निपाणीस आले होते. त्यांनीच १९२८ साली महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले.

हे खाते कायद्याने टप्प्याटप्प्याने बंद झाले. मुंबई राज्यात १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा झाला. १९५६ नंतर आपला भाग म्हैसूर राज्यात आला आणि १९६१ च्या कायद्याने तेथील पिढीजात गावकामगारी संपली. १९७४ साली कर्नाटकात कूळकायदा कडक झाला. मराठीत 'कसेल त्याची जमीन', कन्नडमध्ये 'उळुववने होलदोडेय'. घोषणा दोन, अर्थ एक.

शेवटी मुलांना एकच प्रश्न द्यावा : आज आपल्या गावात काम न करता राशीतून कोण उचलतो? उत्तर वहीत नाही, घरी जाऊन शोधायचे आहे.